सेकंड हँड ट्रॅक्टर घेताय? त्याचा ‘पंप वाढवलाय’ का, हे असं ओळखायचं

सप्टेंबर उजाडला की आष्टा परिसरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि फेसबुकवर ट्रॅक्टरचे फोटो फिरायला लागतात. धुऊन, पॉलिश मारून, टायरला काळा रंग लावून उभा केलेला ट्रॅक्टर. खाली चार ओळी. एक हात वापर, कागदपत्रं क्लिअर, लोन नील. आणि शेवटी हमखास एक वाक्य असतं : ‘दोन भरलेल्या ट्रॉल्या चढाला टॉपमध्ये ओढतंय.’

विकणारा हे कौतुकानं लिहितो आणि घेणारा कौतुकानं वाचतो. पण जाणत्या मिस्त्रीला हे वाक्य दाखवलं तर तो आधी एकच विचारेल, “पाव्हणं, पंप वाढवलाय का?”

कारण कंपनीनं ४५ एचपीचा म्हणून विकलेला ट्रॅक्टर जर ६० एचपीसारखा ओढत असेल, तर ती ताकद कुठून तरी आलेली असते. ती फुकट येत नाही. इंजिनाच्या आयुष्यातून कापून घेतलेली असते, आणि कापून घेणारा वेगळा नि त्याची किंमत मोजणारा वेगळा असतो. मोजणारा म्हणजे अर्थातच सेकंड हँड घेणारा.

हा विषय आष्ट्याकडं जास्त जिव्हाळ्याचा का, तर ऊस. वाळवा तालुक्यात कारंदवाडी, साखराळे, वाळवा अशी एकमेकांना लागून कारखान्यांची गावं आहेत. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू झाला की पेठ-सांगली रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. त्यातले कित्येक ट्रॅक्टर कर्जावर असतात. वाहतूकदार कारखान्याशी करार करतो, ऊसतोड टोळीच्या मुकादमाला उचल देतो, आणि मग पुढचे चार-पाच महिने त्या एका इंजिनाच्या जिवावर सगळं गणित चालतं. ऐन जानेवारीत हेड गॅस्केट उडालं तर नुसतं दुरुस्तीचं बिल येत नाही. टोळी बसून राहते, ऊस फडात वाळतो, खेपा बुडतात आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

आता हा पंप वाढवणं म्हणजे नेमकं काय ते बघू.

डिझेल इंजिनात पेट्रोल गाडीसारखा स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबल्यानं ती प्रचंड तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा मारला की ते पेटतं. किती डिझेल फवारायचं, हे ठरवतो तो डिझेल पंप. गावाकडं त्याला कुठल्याही कंपनीचा असला तरी ‘मायको पंप’च म्हणतात. या पंपावर जास्तीत जास्त डिझेल किती जाईल याची एक मर्यादा स्क्रूनं बांधलेली असते. दुसरा एक स्क्रू इंजिन जास्तीत जास्त किती फेऱ्यांनी फिरेल ते ठरवतो. कंपनीत हे दोन्ही स्क्रू ठरावीक जागी बसवून त्यावर तार ओवून शिशाचं सील मारतात.

ते सील तोडायचं, स्क्रू थोडा फिरवायचा, झालं काम. जास्त डिझेल, जास्त ताकद. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यामुळेच ते इतकं पसरलंय.

अडचण अशी की एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा एकजीव व्हायला वेळ फार कमी मिळतो, म्हणून कंपनी त्याहून बरीच जास्त हवा हिशोबात धरते. पंप वाढवला की डिझेल वाढतं, पण टर्बो नसलेल्या इंजिनात हवा आहे तेवढीच राहते. मग काही डिझेल अर्धवट जळतं, त्याची काजळी होते आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. रस्त्यावर ज्या धुराकडं बघून पोरं ‘काय दम आहे’ म्हणतात, तो धूर म्हणजे वाया चाललेलं डिझेल असतं.

धूर दिसतो तरी. उष्णता दिसत नाही, आणि खरा घात तीच करते. जास्त डिझेल जळलं की पिस्टनचा माथा, हेड, व्हॉल्व्ह, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे सगळं ठरवलेल्यापेक्षा जास्त तापतं. रेडिएटर आणि पंखा मात्र मूळ एचपीच्या हिशोबाचेच असतात. एखाद्या दिवसानं काही होत नाही. दोन हंगाम असं चाललं की हेड वाकतं, गॅस्केट जातं, पिस्टनला तडा जातो, रिंगा चिकटतात. शिवाय वाढलेला जोर पुढं क्लच, गिअर आणि मागच्या धुऱ्यावर जातो, तेही त्यासाठी बनवलेले नसतात.

फेऱ्या वाढवण्याचं गणित तर आणखी वाईट आहे. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फेऱ्या १० टक्के वाढवल्या की ताण २१ टक्के वाढतो. ट्रॅक्टर रस्त्यावर पळायला लागतो खरा, पण ब्रेक तेच राहतात. आणि मागच्या ट्रॉलीला बहुतेक वेळा ब्रेकच नसतो.

मग कंपन्या मोठं इंजिन देतात की, तो ट्रॅक्टर का घेत नाहीत? एक कारण किंमत, दुसरं कारण नियम. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम ४’ हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. त्यासाठी कॉमन रेल पद्धतीचं इलेक्ट्रॉनिक इंजिन आणि धूर साफ करणारी जास्तीची यंत्रणा लागते, म्हणून ते ट्रॅक्टर महाग पडतात. ५० च्या आतल्या ट्रॅक्टरना जुनेच निकष राहिले. त्यामुळे ५० च्या जरा अलीकडचा, साध्या पंपाचा ट्रॅक्टर घ्यायचा आणि गावात पंप वाढवून घ्यायचा, हा हिशोब अनेकांना सोपा वाटतो. पहिल्या मालकाला तो परवडतोही, कारण इंजिन बसायच्या आत तो ट्रॅक्टर विकून मोकळा होतो.

तर मग ओळखायचं कसं?

न सांगता जायचं, आणि सकाळी जायचं

निम्मी तपासणी इथंच होते. विकणाऱ्याला ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका’ एवढं सांगून ठेवायचं आणि गेल्या गेल्या इंजिनाच्या ब्लॉकला हात लावून बघायचा. गरम लागलं तर आधी चालू करून ठेवलंय. अर्थात कुणी सकाळी गवताचा भारा आणायला गेला असेल, लगेच चोर ठरवायची गरज नाही. पण मग दुसऱ्या दिवशी परत जायचं. गार इंजिन खोटं बोलत नाही.

गार असतानाच तीन गोष्टी उघडून बघायच्या. रेडिएटरचं झाकण, ऑइलची पट्टी आणि एअर क्लीनर. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा पट्टीवरचं ऑइल दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर पाणी आणि ऑइल कुठंतरी एकत्र होतंय. गॅस्केट गेलंय, हेडला तडा आहे किंवा लायनरच्या खालून पाणी येतंय. यातलं काहीही असलं तरी इंजिन खोलावं लागणार. एअर क्लीनर मात्र वेगळ्या कारणासाठी बघायचा. तो चोंदला असेल तर चांगला ट्रॅक्टरही काळा धूर मारतो, आणि पंप न वाढवलेल्या ट्रॅक्टरवर उगाच आळ येतो.

त्यानंतर पंपाकडं जायचं. तार आणि सील जागेवर आहे का? स्क्रूच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत का? पंपावर धुळीचा थर असताना तेवढाच एक नट चकचकीत दिसतोय का?

इथं घाई करायची नाही. तुटलेलं सील म्हणजे पुरावा नव्हे. पाच-सात वर्षं चाललेल्या ट्रॅक्टरचा पंप रीतसर दुरुस्तीला उतरवलेला असू शकतो. पण मग डिझेल पंपाच्या दुकानाचं बिल असतं, टेस्ट बेंचवर लावून कॅलिब्रेशन केल्याची नोंद असते, आणि चांगला पंपवाला काम झाल्यावर स्वतःचं सील मारतो. सील नाही आणि बिलही नाही, तर प्रश्न शिल्लक राहतो. उलट नवंकोरं सील असलं म्हणूनही निर्धास्त व्हायचं नाही. सील मारणारा पक्कड आणि शिशाचा तुकडा काही दुर्मीळ नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे हेडमधून धूर बाहेर आणणारा ओतीव लोखंडाचा भाग, हाही बरंच सांगतो. कायम जास्त तापलेल्या मॅनिफोल्डचा रंग उडून तो भाजल्यासारखा तांबूस दिसतो, कधी बारीक तडे असतात, जोडावर काजळी साठलेली असते. सगळं इंजिन जुनं आणि मॅनिफोल्डच तेवढा नवा किंवा चंदेरी रंग मारलेला असेल, तर ‘हा का बदलला’ हे विचारायचं. मूळ मॉडेलला टर्बो नसताना टर्बो बसवलेला असेल तर ते लपत नाहीच. ऑइलची जास्तीची नळी, घरी बनवलेली क्लॅम्प, वेल्डिंग केलेला पाइप, सगळं समोर असतं.

चालू केल्यावर

सेल्फ मारला की निरोगी इंजिन एक-दोन झटक्यांत लागतं. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन थांबतो, त्यात काही नाही. पण गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त.

पण काळ्या धुराचं एक आहे. रेस एकदम मारली की साध्या पंपाचा कुठलाही ट्रॅक्टर एक काळी फुंकर मारतोच. ती क्षणात विरली पाहिजे. बाजारात उभ्या ट्रॅक्टरची रेस मारून धूर बघणारे पुष्कळ असतात, त्यांना त्यातून फारसं कळत नाही. पंप वाढवला की नाही, हे ओझ्याखाली कळतं. मोकळ्या ट्रॅक्टरला जास्तीचं डिझेल लागतच नाही, गव्हर्नर ते जाऊच देत नाही.

म्हणून भरलेली ट्रॉली जोडून चढाला न्यायचा, किंवा काळ्या रानात रोटाव्हेटर लावून निदान पाऊण तास चालवायचा. ओझं असेपर्यंत धूर सलग काळाच राहतो का, पाण्याचा काटा कुठवर चढतो, थांबल्यावर रेडिएटर उकळतो का, हे बघायचं. पाऊण तास का, तर इंजिन पूर्ण तापायला तेवढा वेळ लागतो. विकणारा ‘अहो दहा मिनिटांत कळतंय की’ म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो, पण त्याच्या सोयीचं.

काटा अजिबात हलत नसेल तर त्याची वायर सुटलीय का बघायची. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. इंजिन तापतं म्हणून पाणी सतत फिरतं ठेवायला तो काढतात. अशा ट्रॅक्टरचं इंजिन मोकळं चालवताना गरम व्हायलाच फार वेळ घेतं. थर्मोस्टॅट का काढला, याचं उत्तर बहुतेक वेळा पंपापाशी जाऊन थांबतं.

इंजिन तापलेलं आणि चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करून बघायचं. रिंगा आणि लायनर झिजले असतील तर जळलेला वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि तिथून झाकणावाटे आणि ब्रीदरच्या नळीतून भक्‌भक् बाहेर येतो. थोडी वाफ चालते. झाकण वर ठेवलं तर ते उडून पडत असेल तर सौदा तिथंच थांबवायचा किंवा इंजिनकामाचे पैसे किमतीतून वजा धरायचे. रेडिएटरचं झाकण मात्र तापल्यावर चुकूनही उघडायचं नाही.

टॅकोमीटर आणि डिझेलचा हिशोब

इथवर सगळं डोळ्यांचं आणि कानांचं काम झालं. आता मोजमाप.

भारतात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरची सरकारी चाचणी होते. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची कृषी यंत्रांचं प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात त्या मॉडेलची पीटीओवरची जास्तीत जास्त ताकद, बिनओझ्याच्या फुल्ल रेसला इंजिनाच्या फेऱ्या, डिझेलचा खप असं सगळं छापलेलं असतं. हे अहवाल इंटरनेटवर मिळतात. आपण घेणार त्या मॉडेलचा अहवाल काढून मोबाइलमध्ये ठेवायचा. गावात हे करणारा माणूस क्वचित सापडतो, म्हणून विकणाराही त्याची तयारी ठेवत नाही.

मग डिजिटल टॅकोमीटर घ्यायचा. पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवायची आणि लांबून प्रकाशाचा ठिपका मारून फेऱ्या मोजायच्या. पट्टी इंजिन बंद असताना लावायची, आणि फिरत्या पुलीजवळ किंवा पीटीओजवळ उपरणं, सैल बाही नेऊ नये. समजा अहवालात फुल्ल रेसला २,३०० फेऱ्या आहेत आणि प्रत्यक्षात २,६०० भरल्या, तर गव्हर्नरचा स्क्रू फिरवलाय हे नक्की, आणि रॉडवरचा ताण सुमारे २८ टक्के वाढलेला आहे. पाच-पन्नास फेऱ्यांचा फरक मात्र सोडून द्यायचा.

डिझेलचाही हिशोब करता येतो. पीटीओला ४० एचपी, म्हणजे साधारण ३० किलोवॅट देणारं इंजिन पूर्ण ओझ्यावर तासाला किती पितं? दर किलोवॅट-तासाला अंदाजे २५० ग्रॅम धरलं तर साडेसात किलो, म्हणजे जवळपास ९ लिटर. ही पूर्ण ओझ्याची वरची मर्यादा झाली. रोजच्या रोटाव्हेटरच्या कामात त्याहून कमीच जायला पाहिजे. टाकी गळ्यापर्यंत भरायची, तासभर रोटाव्हेटर मारायचा, परत गळ्यापर्यंत भरून किती लिटर गेलं ते बघायचं. रोटाव्हेटरच्या कामातच तासाला ११-१२ लिटर गेलं, तर जादा डिझेल कुठं चाललंय हे विचारायची वेळ आलीय. गळती नाही ना, एवढं आधी बघून घ्यायचं.

पण विकताना पंप परत खाली केला असेल तर?

हा खरा अवघड प्रश्न. तीन हंगाम पंप वाढवून ऊस ओढायचा, आणि विकायच्या आठ दिवस आधी त्याच मिस्त्रीकडून स्क्रू मूळ जागी आणायचा. मग धूर साफ, डिझेल बरोबर, टॅकोमीटरही बरोबर. बघणाऱ्याला वाटतं घरातल्या रानातच वापरलेला दिसतोय.

अशा वेळी आजची सेटिंग बघून उपयोग नाही, झालेलं नुकसान शोधायचं असतं. हेडच्या कडेला गॅस्केट ताजं दिसतंय का, हेडच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, ब्लॉक आणि हेडच्या रंगात फरक आहे का. इंजिनावरच नवा रंग मारलेला असेल तर तो कशावरून मारला, हे विचारायला लाजायचं नाही. कमी तास चाललेल्या ट्रॅक्टरचं हेड कुणी हौसेनं खोलत नाही.

तासांचं मीटरही एकट्यानं विश्वासाचं नाही. जुन्या ट्रॅक्टरमध्ये ते केबलवर चालतं आणि केबल काढून ठेवता येते. मीटर २,००० तास दाखवतंय आणि क्लच-ब्रेकच्या पेडलची रबरं झिजून लोखंड चकाकतंय, स्टेअरिंग गुळगुळीत झालंय, तर पेडलवर विश्वास ठेवायचा.

क्लच तर पंप वाढवल्याची साक्षच देतो. मोकळ्या जागेत, समोर कुणी नसताना, वरचा गिअर टाकून ब्रेक दाबून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन दबून बंद पडलं पाहिजे. ते तसंच घुरघुरत राहिलं तर प्लेट घसरतेय. दोन-तीन वर्षांत दोनदा क्लच प्लेट बदलल्याची बिलं निघाली, तर इतका जोर आला कुठून हे विचारायचं. मागच्या धुऱ्याच्या आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइल पाझरतंय का, वेल्डिंग आहे का, तेही वाकून बघायचं.

शंका उरलीच तर कंप्रेशन टेस्ट. नोझल काढून त्या जागी गेज लावतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. आकडा किती यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे जास्त महत्त्वाचं. तीनपैकी एक बराच खाली असेल तर तो सिलिंडर आजारी आहे. लाखांच्या सौद्यात या टेस्टचा खर्च किरकोळ असतो. विकणारा नाही म्हणाला, तर त्याचं ‘नाही’ हाच टेस्टचा निकाल समजायचा.

पंपाशिवाय दुसरा बदल म्हणजे बोअर वाढवणं. मोठे पिस्टन-लायनर टाकायचे. समजा तीन सिलिंडर, १०० मिलिमीटर बोअर आणि ११० मिलिमीटर स्ट्रोक असेल तर इंजिन साधारण २,५९२ सीसीचं होतं. बोअर फक्त ५ मिलिमीटर वाढवला की तेच २,८५७ सीसीचं होतं, म्हणजे दहा टक्के मोठं. हे बाहेरून दिसत नाही, हेड उतरवून मोजावंच लागतं. त्यामुळे इंजिनकाम झालेलं असेल तर पिस्टन-लायनरच्या किटचं बिल मागायचं. त्यावर पार्ट नंबर असतो आणि तो मूळ मॉडेलशी ताडून बघता येतो.

नव्या कॉमन रेल ट्रॅक्टरना स्क्रूच नाही, तिथं सगळा कारभार कॉम्प्युटरचा. म्हणून वायरिंगमध्ये मधेच जोडलेला छोटा डबा, म्हणजे ट्युनिंग बॉक्स, आहे का ते शोधायचं. किंवा आतलं प्रोग्रामिंगच बदललेलं असतं. ते डोळ्यांनी कळत नाही, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून बघावं लागतं. धुराची यंत्रणा काढून तिथं नुसता पाइप वेल्ड केलाय का, हे मात्र कुणालाही दिसतं.

हेच सगळं कोकणात किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्हीलाही थोड्या फरकानं लागू होतं. तिथं डिझेल पंप नसतो, पण मोठा बोअर, बदललेला सायलेन्सर आणि कापलेला एअर फिल्टर बॉक्स असतो. शिवाय त्या बहुतेक गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणीच नसते, त्यामुळे कागदावरून ताडून बघायलाही काही हातात नसतं. ट्रॅक्टर त्या बाबतीत बरा.

कागदावर काय बघायचं

आरसी बुकवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर स्वतः वाचून जुळवायचा, फोटोवर भागवायचं नाही. नंबरच्या जागी घासलेलं दिसलं, अक्षरं वरखाली असली, तर पुढं जायचं नाही. एमपरिवहन ॲपवर मूळ नोंद बघता येते. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही, पण बदलल्यावर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं, आणि ते आरसीवर यायला हवं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल वाहनात करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कायद्यातलं कलम १८२अ बदललं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गावातल्या रस्त्यावर यासाठी कुणी ट्रॅक्टर अडवत नाही, हे खरं. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर येतो, आणि न कळवलेला बदल त्याला सापडला तर दावा अडकू शकतो. तेव्हा कागदावर मालक नवा असतो.

सोशल मीडियावर पंजाब-हरियाणाकडचे ट्रॅक्टर टोचनचे व्हिडिओ बघून हौस म्हणून इंजिन वाढवणारेही आता इकडं दिसतात. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून बांधायचे आणि ओढायचे. बघायला भारी वाटतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात स्टंट करताना एका तरुणाचा स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली मृत्यू झाला आणि त्यानंतर तिथल्या सरकारनं ट्रॅक्टरच्या स्टंटवर बंदी घातली. असा स्पर्धेत पळवलेला ट्रॅक्टर विक्रीला आला तर त्याचा पत्ता त्याच मालकाच्या जुन्या रील्समध्ये लागतो. घेण्याआधी प्रोफाइल खाली सरकवत जायचं. दोन वर्षांपूर्वीचा काळा धूर तिथं अजून असतो.

पंप वाढवलेला निघाला म्हणजे ट्रॅक्टर टाकाऊच, असंही नाही. एक हंगाम वाढवलेला असेल, कंप्रेशन चांगलं असेल, ऑइल स्वच्छ असेल, तर पंप बेंचवर लावून मूळ सेटिंगला आणायचा, नोझल तपासून घ्यायचे आणि तो खर्च किमतीतून कमी करून घ्यायचा. विकणाऱ्यानं स्वतःहून सांगितलं असेल तर त्याच्याशी सौदा करायला हरकत नाही, उलट बाकीचंही तो खरं सांगत असण्याची शक्यता जास्त. रिंगा गेल्यात आणि हेडही उघडलेलं आहे, तर मात्र पूर्ण इंजिनकामाचा अंदाज आधी आपल्या मिस्त्रीकडून घ्यायचा आणि मगच आकडा बोलायचा.

विसार देताना एक साधा कागद करून त्यावर विकणाऱ्याकडून लिहून घ्यायचं : इंजिन नंबर, मीटरचे तास, पंप आणि इंजिनात मूळ रचनेबाहेरचा बदल केलेला नाही किंवा अमुक बदल केला आहे, आणि खाली दोघांच्या सह्या. पूर्ण रक्कम देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विम्याची प्रत, आणि कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय किल्ली घ्यायची नाही. नाव लावायचा अर्ज नव्या मालकानं ३० दिवसांच्या आत करायचा असतो. बॉयलर पेटायच्या गडबडीत हेच राहून जातं, आणि मग पहिली खेप जुन्या मालकाच्या नावावर कारखान्यात पोहोचते.